फुलांवरचे रंगीत भुंगेरे: फवारणीआधी निरीक्षण आणि छायाचित्र

पावसाळा ओसरू लागला की भेंडी, चवळी, तूर आणि परसातील जास्वंदीच्या फुलांवर काळ्या-नारिंगी पट्ट्यांचे भुंगेरे दिसू लागतात. हे फोड आणणारे भुंगेरे, म्हणजेच ब्लिस्टर बीटल, पाकळ्या व परागकण खातात आणि तुरीच्या फुलोऱ्यात संख्येने वाढल्यास शेंगधारणा घटवतात. मात्र त्यांच्या अळ्या जमिनीतील नाकतोड्यांची अंडी खातात, त्यामुळे बांधावर तुरळक भुंगेरे दिसताच पंप पाठीवर घेण्याची घाई करू नये.

निरीक्षण सकाळी लवकर करावे, कारण गारव्यात भुंगेरे सुस्त असतात आणि सहसा लगेच उडून जात नाहीत. मोबाइलने छायाचित्र घेताना आपली सावली फुलावर पडू देऊ नये, झूम न वापरता फोन हळूहळू जवळ न्यावा आणि पडद्यावर भुंगेऱ्याला बोट लावून फोकस साधावा. पाठीचा नुसता देखणा फोटो ओळखीसाठी सहसा अपुरा पडतो. त्यामुळे एक वरून, एक बाजूने, एक कुरतडलेल्या फुलाचा आणि एक संपूर्ण झाडाचा असे फोटो घ्यावेत.

सर्वाधिक गफलत ढालकिड्यांच्या, म्हणजेच लेडीबर्ड बीटलच्या, बाबतीत होते. मावा ही रस शोषणारी बारीक कीड फस्त करणारा सात ठिपक्यांचा ढालकिडा गुळगुळीत व चकचकीत असतो, तर वांग्याची पाने खरवडून त्यांची जाळी करणारा अठ्ठावीस ठिपक्यांचा भुंगेरा बारीक लवेमुळे मंद दिसतो. त्याची पिवळी, काटेरी अळी पानाच्या मागे सापडली, तर शंकेला जागाच उरत नाही. हा फरक फोटो मोठा करून पाहिल्यावर स्पष्ट होतो, आणि म्हणूनच मित्रकीटकावर विषारी फवारा मारण्यापूर्वी दोन मिनिटे फोन हाती घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

पट्टेदार भुंगेऱ्यांना उघड्या हाताने पकडू नये, कारण त्यांच्या अंगातील कँथरिडिन हे विषारी द्रव्य कातडीला लागल्यास फोड येतात. संख्या वाढल्यास हातमोजे घालून किंवा जाळीने ते गोळा करावेत आणि साबणाच्या पाण्यात टाकावेत. फुलोऱ्यातील फवारणीने मधमाश्या मरतात, शिवाय शेजारच्या रानातून नवे भुंगेरे उडत येतातच. नुकसान तरीही वाढत असेल, तर दर झाडामागे आढळलेली संख्या, पीक आणि तारीख लिहून फोटो जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवावेत. मेलेले भुंगेरे मात्र वैरणीत मिसळू देऊ नयेत. ते पोटात गेल्यास जनावरांना, विशेषतः घोड्यांना, विषबाधा होते.