दिवाळी अंकासाठी लिहिताय? संपादकाशी असं जमवून घ्या

गणपतीच्या सुट्टीत लेख लिहून काढायचा आणि दिवाळी अंकाला पाठवून द्यायचा, असं करणारे दरवर्षी असतात. लेख चांगला असला तरी तोवर मोठ्या अंकांची पानं बहुतेक वाटून झालेली असतात. संपादकाची जुळवाजुळव उन्हाळ्यात सुरू होते, तेव्हा विषय एप्रिल-मेमध्येच सुचवा.

त्याआधी त्या अंकाचे मागचे दोन-तीन दिवाळी अंक वाचा. बालभारतीचं ‘किशोर’ मुलांसाठी, ‘आवाज’ विनोदासाठी. ‘साधना’ तर बालकुमार आणि युवा दिवाळी अंक वेगळे काढतं. तरीही एकच मेल दहा संपादकांना जातो, आणि वर सगळ्यांचे पत्ते दिसत असतात!

कथा-कविता पूर्ण लिहूनच पाठवायची. लेखाचा मात्र आधी प्रस्ताव द्या, दीडशे शब्दांत. ‘पर्यावरणावर लिहू का?’ याला संपादक काय उत्तर देणार? ‘रत्नागिरीच्या सड्यांवरची कातळशिल्पं आणि शेजारच्या चिरेखाणी, तिथल्या जमीनमालकांशी बोलून’ असं लिहिलंत तर त्याला लेख डोळ्यांसमोर दिसतो. शब्दसंख्या, तारीख, फोटो मिळतील का, हेही त्यातच सांगा. उत्तर आलं नाही तर तीन आठवड्यांनी एकदा आठवण करा. मग ‘आता दुसरीकडे देतो आहे’ असं कळवून मोकळे व्हा. एकच लेख गुपचूप दोन अंकांना देऊ नका. संपादक एकमेकांना ओळखतात.

होकार आला की लिहायला बसण्यापूर्वी मानधन विचारा. आपल्याकडे याचा फार संकोच, आणि पुढचे रुसवेफुगवे बहुतेक इथूनच निघतात. किती, कधी, आणि अंकाची प्रत मिळणार का, एवढे तीनच प्रश्न, तेही मेलवर. हक्कांचंही तेव्हाच बोला. 1957च्या कॉपीराइट कायद्यानुसार नोकरीत नसलेल्या लेखकाच्या लेखाचा पहिला मालक सहसा तो स्वतःच असतो, आणि हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी द्यावे लागतात. त्या लिखाणात मुदत नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. पुढे पुस्तक काढायचं मनात असेल तर ‘फक्त या अंकापुरती परवानगी’ हे शब्द मेलमध्ये असू द्या.

लेख युनिकोडमध्ये, वर्ड फाइलमध्ये द्या. पीडीएफ नको, वहीच्या पानांचे फोटो तर नकोतच. जुन्या फॉन्टमधून बदलून घेतला असेल तर रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांखालून घाला. फोटो वेगळे पाठवा, फोटोखाली छापायच्या ओळी आणि फोटो काढणाऱ्याचं नाव यांसह. शब्दमर्यादा पाळायचीच. अंक सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांत, म्हणजे एकत्र छापल्या जाणाऱ्या गठ्ठ्यांत, छापला जातो. एखादंच पान वाढवता येत नाही, त्यामुळे तुमचे जास्तीचे हजार शब्द दुसऱ्या कुणाच्या तरी लेखातून कापावे लागतात. ऐनवेळी जाहिरात आली तर कात्री तुमच्यावरही चालेल. कोणता परिच्छेद गेला तरी चालेल ते आधीच कळवून ठेवलंत तर निदान कापाकापी तुमच्या मर्जीने होईल.

राहता राहिलं संपादन. ‘सत्यकथा’चे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना सविस्तर पत्रं लिहून कथा पुन्हा लिहायला लावत. ते मासिक 1982 साली बंद पडलं, आणि इतका वेळ देणारा संपादक आता क्वचित भेटतो. कुणी ‘शेवट पुन्हा बघा’ म्हणालं तर चिडू नका, बघाच. शुद्धलेखनाचे आणि तपशिलाचे बदल मुकाट्याने मान्य करावेत. अर्थ बदलत असेल तर मात्र थेट फोन करा. लांबलचक मेलने गैरसमज वाढतात. मुद्रितं, म्हणजे छपाईआधी तपासायची प्रुफं, हातात आल्यावर नवे परिच्छेद सुचू लागतात, ते पुस्तकासाठी ठेवा. तिथे फक्त चुका दुरुस्त करायच्या, आणि सांगितलेल्या दिवशी मुद्रितं परत पाठवायची.

अंक आल्यावर ठरलेल्या तारखेला मानधन जमा झालं नाही, तर आठवडाभर थांबून बँकेच्या तपशिलासह साधा मेल करा. त्यात पुढच्या वर्षीचा विषय घालू नका. तो मार्च सरल्यावर, वेगळ्या मेलने.