जुन्या सायकल कॉम्प्युटरवर शून्यच दिसतंय?

१९८०च्या दशकातला वायरवाला कॉम्प्युटर बसवला, चाक फिरवलं, तरी वेग शून्यच? तो लगेच भंगारात काढू नका.

१. स्क्रीनचा भाग ब्रॅकेटमधून काढून उलटा करा. मागे धातूचे दोन ठिपके दिसतील. काळवंडले असतील तर खोडरबराने घासा.
२. पेपरक्लिप दोन्ही ठिपक्यांना एकदम टेकवा, उचला. सेकंदाला साधारण दोनदा, असं दहा-बारा वेळा.
३. आकडा उमटला तर कॉम्प्युटर ठणठणीत. दोष वायरीत, सेन्सरमध्ये किंवा चाकावरच्या चुंबकात. आधी चुंबक सेन्सरच्या २-३ मिलिमीटर जवळ सरकवा. बऱ्याचदा खोट एवढीच निघते.

पेपरक्लिप इथे रीड स्विचचं, म्हणजे सेन्सरमधल्या, चुंबक जवळ आला की जुळणाऱ्या छोट्या स्विचचं काम करते. त्याऐवजी कॉइलचा (तारेच्या वेटोळ्याचा) सेन्सर असलेल्या मॉडेलवर ही युक्ती चालत नाही.

आणि सेल काढण्याआधी चाकाच्या परिघाचा आकडा नि एकूण किलोमीटर लिहून ठेवा. सेल निघाला की बहुतेक जुन्या मॉडेलांत दोन्ही पुसले जातात.