उत्तर येण्याआधीचे आभार

प्रार्थनेला नव्याने बसणाऱ्यांना मी पहिल्यांदा एकच सांगते: मागणं आणि आभार वेगळे काढू नका. आपली रीत अशी की आधी मागायचं, मग वाट पाहायची आणि मिळालं की आभार मानायचे. येशूचा प्रेषित पौल फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहितो (फिलिप्पैकरांस 4:6) ते वेगळं आहे. चिंता करू नका, जे हवं ते देवाला सांगा, आणि सांगतानाच त्याचे आभार माना. हे पत्र त्याने कैदेत असताना लिहिलं. पुढच्या वचनात अभिवचन आहे ते देवाच्या शांतीचं. ती आपलं अंतःकरण आणि विचार राखील. मागितलेली वस्तू मिळेलच, असं तिथे म्हटलेलं नाही. हे आधी मनाशी नीट धरा.

आता मागण्याबद्दल. ‘प्रभू, सगळ्यांचं भलं कर’ एवढ्यावर उठू नका. बार्तीमय आंधळा आहे हे समोर दिसत असूनही येशूने त्याला विचारलं, मी तुझ्यासाठी काय करावं? (मार्क 10:51). तेव्हा नेमकं सांगा. माझ्या यजमानांना पक्षाघात झाल्यापासून रात्रीची औषधं देऊन झाली की मी त्यांच्या खाटेशी बसते. ‘प्रभू, आज चमचा धरताना यांची बोटं उघडत नव्हती. या बोटांना बळ दे.’ आणि लगेच, त्याच दमात: ‘आज यांनी मला नावाने हाक मारली आणि ती स्पष्ट कळली, त्याबद्दल तुझे आभार.’ आभारसुद्धा त्या दिवसाचे, त्या माणसाचे असू द्या. ‘सर्व आशीर्वादांबद्दल’ म्हटलं की मनासमोर काहीच उभं राहत नाही.

इथे एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. पक्षाघाताबद्दल मी देवाचे आभार मानत नाही. 1 थेस्सलनीकाकरांस 5:18 मध्ये सर्व परिस्थितीत आभार मानायला सांगितलं आहे. दुखण्यात असतानाही आभार माना, एवढाच त्याचा अर्थ मी घेते. ज्याच्या घरात नुकताच मृत्यू झाला आहे त्याला ‘याबद्दलही देवाची स्तुती कर’ असं कृपा करून म्हणू नका. मरण पावलेल्या आपल्या मित्राच्या, लाजराच्या कबरेकडे जाताना येशू रडला, आणि त्याच कबरेपाशी त्याने ‘बापा, तू माझं ऐकलंस’ म्हणून आभारही मानले. लाजर तेव्हा अजून जिवंत होऊन बाहेर आलेला नव्हता.

आभार ओठांवर येतच नाहीत अशा दिवशी बायबलमधलं स्तोत्र 13 उघडा. सहाच ओव्या आहेत. पहिल्या दोन ओव्यांत ‘कुठवर?’ हा प्रश्न चारदा येतो. मोठ्याने वाचा आणि चौथ्या ओवीनंतर थांबा. तिथे आपली तक्रार आपल्या शब्दांत ओता: कुठवर ही बिलं, कुठवर हे जागरण, कुठवर मुलाचा अबोला. घाई करू नका, रडू आलं तर येऊ द्या. मग पाचवी आणि सहावी ओवी वाचा. तिथे स्तोत्रकर्ता देवाच्या दयेवर भरवसा ठेवून गाऊ लागतो. त्याचा शत्रू हटल्याचं मात्र स्तोत्रात कुठेही म्हटलेलं नाही. एखाद्या दिवशी पाचव्या ओवीपर्यंत पोचता आलं नाही तर तिथेच थांबा. स्तोत्र 88 अंधारातच संपतं, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. जो देवाकडेच तक्रार घेऊन जातो, त्याने देवाला सोडलेलं नसतं.

भरवशाने मागायचं कसं, हे येशूच्या अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत दिसतं (मार्क 14:36). येशू आधी ‘अब्बा, बापा’ म्हणतो, मग हा दुःखाचा प्याला दूर कर असं उघड मागतो, आणि त्यानंतर पित्याची इच्छा होऊ दे म्हणतो. भक्तिभावाच्या ओघात पुष्कळ जण मधलं मागणं गाळून थेट शेवटाकडे जातात. ते गाळू नका. आणि उत्तर ‘नाही’ आलं, तर विश्वास कमी पडला असं स्वतःला किंवा कुणा आजाऱ्याला कधीही सांगू नका. पौलाने ‘शरीरातला काटा’, म्हणजे त्याला सतत छळणारा त्रास, निघावा म्हणून तीनदा विनवणी केली. काटा राहिला, ‘माझी कृपा तुला पुरे’ हे उत्तर मिळालं.

जवळ एक साधी वही ठेवा. डाव्या पानावर तारीख आणि मागणं, उजव्या पानावर त्या दिवसाचे आभार. मागण्याखाली थोडी जागा मोकळी सोडा. पुढे काय झालं ते तिथे लिहा, वेगळं घडलं तरी लिहा. दुसऱ्यासाठी प्रार्थना करत असाल तर काही दिवसांनी त्याची चौकशी करा, नाहीतर खाली लिहायला काही उरत नाही. फारच थकलेल्या रात्री नुसतं ‘बापा’ म्हणून शांत बसा. आपल्याला शब्द सापडत नाहीत तेव्हा पवित्र आत्मा आपल्यासाठी विनंती करतो (रोमकरांस 8:26).

आणि आमेन म्हटल्यावर उठा. मूल व्हावं म्हणून मंदिरात देवापुढे मन मोकळं करून हन्ना परत गेली, जेवली, आणि तिचा चेहरा पुन्हा उदास राहिला नाही (1 शमुवेल 1:18). तिचा मुलगा शमुवेल तेव्हा तिच्या पोटातही आलेला नव्हता. आपणही जेवून घ्यावं, औषधाची वेळ झाली असेल तर औषध द्यावं, आणि झोपावं.