एफ कॉर्ड, डावा अंगठा आणि तीन आठवड्यांची सक्तीची विश्रांती

वयाच्या ३६व्या वर्षी मी गिटार शिकायला सुरुवात केली आणि चौथ्या महिन्यात डाव्या हाताने चहाचा भरलेला कप उचलताना अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला अशी कळ येऊ लागली की कप खाली ठेवावा लागे. त्या चार महिन्यांत मी केलेल्या चुका अगदी साध्या होत्या आणि त्यांतली प्रत्येक वेळीच टाळता आली असती. नव्याने गिटार हातात घेणाऱ्यांना, विशेषतः नोकरी आणि घर सांभाळून वयाच्या तिशी-चाळिशीत शिकू पाहणाऱ्यांना उपयोग व्हावा, म्हणून हा अनुभव तपशीलवार लिहीत आहे.

सगळ्यात आधी दोन दुखण्यांमधला फरक ओळखायला हवा, कारण माझी मूळ गफलत तिथेच झाली. पोलादी तारा दाबल्यामुळे बोटांच्या टोकांची त्वचा हुळहुळते, लाल होते आणि काही आठवड्यांत तिथे घट्टे पडून ती शांत होते. हे दुखणे अपेक्षित आहे आणि त्याची काळजी करू नये. मनगट, अंगठ्याचे मूळ, तळहात किंवा कोपरापर्यंतचा पुढचा हात दुखणे ही मात्र वेगळी गोष्ट आहे. ‘सुरुवातीला सगळ्यांनाच दुखतं, वाजवत राहा,’ असे मला शिकवणाऱ्यांनी सांगितले तेव्हा ते बोटांच्या टोकांबद्दल बोलत होते आणि मी ते मनगटालाही लागू करून टाकले. वेदनाशामक मलम चोळून मी रोज तासभर वाजवत राहिले. मलमाने दुखणे जाणवेनासे होई, दुखापत मात्र तिथेच राही.

डॉक्टरांनी मला अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीच्या दिशेने हलकेच वाकवायला सांगितले, आणि मी ओरडलेच. अंगठा हलवणाऱ्या दोन कंडरा मनगटाच्या कडेने एका अरुंद आवरणातून जातात. तो भाग जाड होऊन त्यांची हालचाल घासत होऊ लागली की हे दुखणे होते. फ्रिट्झ डी क्वेरवेन या स्विस शल्यचिकित्सकाने १८९५ साली त्याचे वर्णन केले आणि ते त्याच्याच नावाने ओळखले जाते. बाळाला वारंवार उचलून घेणाऱ्या आयांमध्येही ते आढळते, हे ऐकल्यावर त्याचे कारण माझ्या नीट लक्षात आले: अंगठा ताणून धरणे आणि त्याच वेळी मनगट वाकवणे. मी गिटारची मान नेमकी तशीच धरत होते. अंगठ्याला आधारपट्टी, तीन आठवडे गिटार पूर्ण बंद आणि नंतर फिजिओथेरपिस्टने दिलेले व्यायाम, असा उपचार ठरला.

त्या तीन आठवड्यांत वाजवता येत नव्हते, म्हणून मी स्वतःच्या वाजवण्याचे जुने व्हिडिओ पाहिले. कॉर्ड (एकत्र वाजवायचा स्वरांचा समूह) बदलताना डावा अंगठा पांढरा पडेपर्यंत मानेच्या मागे रुतलेला दिसत होता. एक तार स्वच्छ वाजण्यासाठी किती दाब लागतो, हे मी कधी मोजलेच नव्हते. ते मोजण्याची रीत सोपी आहे. बोट तारेवर नुसते टेकवून उजव्या हाताने तार छेडावी. आवाज बद्द येतो. मग छेडत छेडत दाब अगदी सावकाश वाढवावा. आधी तार खरखरते आणि एका क्षणी स्वच्छ वाजते. त्या क्षणीचा दाब पुरेसा असतो, त्यावरचा सगळा जोर वाया जातो. बोट फ्रेटच्या, म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्टीला अगदी लागून, पण तिच्यावर न चढता ठेवले, तर हा दाब आणखी कमी लागतो. मी सुमारे दुप्पट जोर लावत होते, असे माझे मला वाटले. दुसरी परीक्षा म्हणजे अंगठा मानेपासून पूर्ण सोडून, खांद्यातून येणाऱ्या हाताच्या वजनाने तारा मागे ओढून कॉर्ड वाजवून पाहणे. असे पूर्ण गाणे कोणी वाजवत नाही. पण अंगठ्याची चिमट्यासारखी पकड किती अनावश्यक आहे, हे दोन मिनिटांत कळते.

आता एफ कॉर्डकडे येते, कारण बहुतेकांचे मनगट तिथेच बिघडते. तर्जनी आडवी ठेवून सहाही तारा दाबायच्या, असे आपण ऐकतो आणि सगळी ताकद पणाला लावतो. प्रत्यक्षात पाचवी, चौथी आणि तिसरी तार इतर तीन बोटांनी पुढच्या फ्रेटवर दाबलेली असते; तर्जनीने दाबायच्या तारा तीनच, म्हणजे सहावी, दुसरी आणि पहिली. तर्जनीचा मधला भाग थोडा पोकळ राहिला तरी चालते. शिवाय ती सपाट न ठेवता अंगठ्याकडच्या हाडकुळ्या कडेवर किंचित कलती ठेवली, तर सांध्यांच्या मऊ खळग्यांत तारा अडकत नाहीत. पहिल्या फ्रेटवर नटच्या, म्हणजे मानेच्या टोकाशी तारांना आधार देणाऱ्या खाचांच्या पट्टीच्या, उंचीमुळे तारा सर्वांत ताठ लागतात, त्यामुळे बार कॉर्डची, म्हणजे अशी तर्जनी आडवी टाकून धरायच्या कॉर्डची, सुरुवात तिथून करणे म्हणजे पोहायला शिकताना थेट विहिरीत उडी मारणे होय. विश्रांतीनंतर मी तोच आकार पाचव्या फ्रेटवर शिकले आणि दर आठवड्याला एकेक फ्रेट खाली आले. तोपर्यंत गाण्यांत फक्त पहिल्या चार बारीक तारांचा छोटा एफ वाजवला आणि कोणाचे काही बिघडले नाही.

वाद्याचाही दोष असतो आणि नवख्याला तो कळत नाही. तो स्वतःच्या बोटांनाच कमकुवत ठरवतो. माझ्या गिटारमध्ये बाराव्या फ्रेटपाशी जाडी तार जवळजवळ ४ मिलिमीटर उंच होती. पोलादी तारांच्या गिटारवर तिथे साधारण अडीच आणि बारीक तारेखाली दोन मिलिमीटर अंतर पुरते. नटची खाच तपासायची असेल तर तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून पहिल्या फ्रेटवर पाहावे. तिथे कागद जाईल एवढीच फट असावी. दुरुस्ती करणाऱ्या कारागिराने नटच्या खाचा आणि ब्रिजवरची, म्हणजे खोक्यावर तारा अडकवतात तिथली, पट्टी घासून दिली आणि १२च्या जागी १० क्रमांकाचा, म्हणजे पहिली तार ०.०१० इंच जाडीची असलेला, संच लावला. इतके महिने जे वाद्य माझ्याशी भांडत होते, ते एका दुपारीत नमले. पुण्यामुंबईकडच्यांनी हेही लक्षात ठेवावे की पावसाळ्यात लाकूड ओलावा घेते, पुढची फळी किंचित फुगते आणि तारा पुन्हा उंच होऊ शकतात. जुलैमध्ये अचानक हात दुखू लागला तर आधी मोजपट्टी घ्यावी.

कारागिराकडे जाणे जमत नसेल तर सर्व तारा अर्धा स्वर खाली उतरवाव्यात आणि पहिल्या फ्रेटवर कॅपो (सर्व तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावावा. ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे अर्ध्या स्वराने तो सुमारे ११ टक्के घटतो, आणि कॅपोमुळे नटच्या उंचीचा त्रासही टळतो. यात कमीपणा नाही. १९६५ साली कारखान्यातल्या अपघातात दोन बोटांची टोके गमावलेला ‘ब्लॅक सॅबथ’ या बँडचा गिटारवादक टोनी आयोमी याने हलक्या तारा वापरल्या आणि पुढे तारा दीड स्वर उतरवून वाजवल्या. हेवी मेटल या संपूर्ण संगीतप्रकाराचा भारदस्त नाद त्यातून घडला.

बैठकीबद्दल थोडक्यात सांगते. मी पलंगावर मांडी घालून, तंबोरा घेऊन बसावे तशी वाजवत असे. त्यामुळे गिटारची मान खाली झुके आणि डावे मनगट काटकोनाकडे वाकत जाई. बिनहाताच्या खुर्चीवर बसून, बसलेले असतानाही पट्टा लावून, मान डोक्याच्या दिशेने थोडी उचलली की मनगट आपोआप सरळ होते. अंगकाठी लहान असेल तर मोठ्या खोक्याची गिटार घेऊ नये, कारण तिच्यावरून पुढे वाकताना खांदा वर चढतो आणि त्याचा भार पुढे हातावर येतो.

सरावाची वेळ मी तासावरून दहा दहा मिनिटांच्या चार तुकड्यांवर आणली आणि बार कॉर्डचा सराव त्यांतल्या एकाच तुकड्यात ठेवला. मात्र हाताचा दिवस गिटारने सुरू होत नाही, हे मला फार उशिरा सुचले. माझे काम दिवसभर संगणकावर टंकन करण्याचे आहे, आणि संध्याकाळच्या गर्दीत स्कूटर चालवताना डाव्या हाताच्या मुठीतला मागचा ब्रेक पाऊण तास सतत आवळला जातो. गिअरची मोटारसायकल चालवणाऱ्यांचा डावा हात क्लचवर तेच करतो. घरी पोहोचताच त्याच हाताने एफ धरायला जाणे म्हणजे दमलेल्या बैलाला पुन्हा जुंपणे होते. मी सराव सकाळी हलवला, आणि माझ्या मते सगळ्या उपायांत याच एका बदलाने सर्वाधिक फरक पडला.

काही लक्षणे दिसली तर मात्र घरगुती प्रयोग थांबवून डॉक्टरांकडे जावे. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची बाजू यांना रात्री मुंग्या येऊन झोपमोड होत असेल, तर मनगटातून नऊ कंडरांसोबत जाणारी मुख्य नस दाबली जात असण्याची शक्यता असते. करंगळी बधिर होत असेल, तर कोपरापाशी तपासावे लागते. हातातून वस्तू निसटणे, सांध्यावर सूज, किंवा दोन दिवस न वाजवताही न ओसरणारी कळ यांपैकी काहीही दुर्लक्षण्याजोगे नाही. न दुखता एखादे बोट ऐन वाजवताना आपोआप आत वळू लागले, तर जोर लावून सराव वाढवण्याआधी मज्जाविकारतज्ज्ञांना भेटावे.

तीन आठवड्यांनंतर परत सुरुवात केली ती पाच मिनिटांनी, दोन बोटांच्या ई मायनर कॉर्डने. एफ स्वच्छ वाजायला त्यापुढे अकरा आठवडे लागले. अजूनही महिनाअखेरीला, कार्यालयात टंकनाचे काम वाढलेले असते त्या दोन-तीन दिवसांत, मी बार कॉर्डला हात लावत नाही आणि फक्त उजव्या हाताने मोकळ्या तारांवर ठेका वाजवते.