लाल कोळी दिसायच्या आधी

लाल कोळी, म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड, झाडावर दिसला की हात आधी औषधाकडे जातो. मी म्हणेन, आधी कॅलेंडर काढा. बंद खोलीत किंवा तंबूत, दिव्याखाली झाडं वाढवणाऱ्यांची फजिती बहुतेक वेळा तारखा चुकल्यामुळे होते, औषधाची निवड हा नंतरचा भाग. आणि तारखा पाळायच्या तर सामान आधीच हाताशी हवं. म्हणून ही तयारी खोली स्वच्छ असतानाच करून ठेवायची.

पहिली वस्तू भिंग. दहापटीचं भिंग कोळी बघायला पुरतं, अंडी नीट बघायची असतील तर तीस-चाळीसपटीचं छोटं, दिवा असलेलं घ्या. पूर्ण वाढलेली मादी जेमतेम अर्धा मिलिमीटर असते, अंडं त्याच्याही चौथ्या हिश्श्याएवढं. नुसत्या डोळ्यांनी दिसायला लागली, म्हणजे दोन-तीन पिढ्या होऊन गेल्या असं समजा. आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वारी, झाडाची खालची जुनी पानं उलटून बघायची. वरून पानावर बारीक फिकट ठिपके दिसतात, कुणीतरी सुईने टोचल्यासारखे, आणि ते खरंच टोचलेलेच असतात. कोळी एकेक पेशी टोचून आतलं हिरवं शोषून घेतो.

पान उलटं धरा आणि मधल्या शिरेच्या कडेकडेने भिंग सरकवा. आधी फक्त धूळ दिसते. मग त्या धुळीतला एक कण चालायला लागतो. पिवळसर हिरवं, आरपार दिसणारं अंग, दोन्ही कुशींना एकेक काळपट डाग. हे डाग म्हणजे पोटातलं अन्न, कातडीतून दिसणारं. आसपास मोत्यासारखी गोल अंडी, टाकलेल्या कातीची पांढरी टरफलं आणि सहा पायांची पिल्लं. उरलेले दोन पाय पहिली कात टाकल्यावर येतात. नावात ‘लाल’ असल्यामुळे लोक लाल शोधत बसतात आणि हिरवट कोळ्याला सोडून देतात. ही जात खरी लाल-नारिंगी होते ती वेगळ्याच कारणाने, ते पुढे सांगतो. घाई असेल तर फांदीखाली पांढरा कागद धरून टिचकी मारा. कागदावर पडलेले ठिपके चालू लागले तर बोट फिरवून बघण्याचीही गरज नाही.

आता कॅलेंडर. खोलीचं तापमान २७ ते ३० अंश असेल तर अंड्यापासून प्रौढ व्हायला साधारण आठवडा लागतो. २० अंशांच्या आसपास तोच काळ दोन आठवड्यांच्या पुढे जातो. मादी दिवसाला पाच-दहा अंडी घालते, आयुष्यात शंभराच्या वर. साबणाचं पाणी चालते-फिरते कोळी मारतं, अंड्यांना त्याचं फारसं काही होत नाही, आणि वाळल्यावर तर ते कुणालाच काही करत नाही. म्हणजे आज फवारलं तरी अंडी शाबूत. ती उबदार खोलीत तीन-चार दिवसांत फुटतात. त्या पिल्लांची वाढ होऊन ती स्वतः अंडी घालायच्या आत पुढची फवारणी झाली पाहिजे. गरम खोलीत दर तीन-चार दिवसांनी, गार खोलीत पाच-सहा दिवसांनी, अशा किमान चार फवारण्या. चारही तारखा आधीच लिहा, पंपालाच चिकटपट्टी लावून. माझ्या घेवड्यावर दोन फवारण्यांनंतर पानं लख्ख दिसली, तेवढ्यात चार दिवस बाहेर जायचं निघालं, आणि तिसरी मी ‘आल्यावर बघू’ म्हणून सोडली. आलो, पण कामाच्या गडबडीत आणखी काही दिवस गेले. मग शेंड्यावर जाळी, आणि जाळीत पीठ भुरभुरल्यासारखे कोळी. दोन फवारण्यांची मेहनत गेली ती गेलीच.

‘एखाददुसरा राहिला तर काय होतंय’ हे या प्राण्याच्या बाबतीत म्हणता येत नाही. नराशी संग न झालेली मादीसुद्धा अंडी घालते. त्यातून फक्त नर निघतात, आणि ते मोठे झाले की ती त्यांच्याशीच जुगते, मग माद्याही जन्माला येतात. एका मादीवर अख्खा संसार उभा राहू शकतो.

फवाऱ्याच्या सामानात मी एकाच गोष्टीवर अडून बसतो. पंपाची नळी लांब आणि तोंड वर वळणारं हवं. कोळी पानाच्या पाठीला असतो आणि साधा पंप पानाच्या पोटाला आंघोळ घालतो. साबण झाडांसाठी बनवलेला, पोटॅशियमच्या क्षारांचा घ्या, भांडी घासायचा नको. प्रमाण बाटलीवर लिहिलेलं तेच, सहसा एक ते दोन टक्के. पाणी जड असेल तर साबण फाटतो, म्हणून आदल्या दिवशी ग्लासभर मिसळून बघा. वर साय किंवा गुठळ्या आल्या तर गाळलेलं मऊ पाणी वापरा. एकदोन पानांवर फवारून दोन दिवस थांबा, पान करपलं नाही तरच पुढे. फवारणी दिवे बंद असताना, पंखा चालू ठेवून, आणि दिवे लागायच्या आत पानं वाळलेली असली पाहिजेत. औषधाआधी साध्या पाण्याचा जोरकस फवारा पानांच्या पाठीवर मारला तर निम्मं काम तिथेच होतं, जाळी तुटते आणि साबण अंगापर्यंत पोचतो. हातमोजे आणि मुखपट्टी घ्या, डोक्यावरून थेंब पडत असतात.

झाडांवर फवारायचं तेल वापरणार असाल तर त्याचा फायदा असा की ते अंड्यांनाही गुदमरवतं. गंधक जुनं आणि उपयोगी, पण तेल आणि गंधक यांच्यात किमान दोन आठवड्यांचं अंतर हवं, नाहीतर पानं जळतात. तिशीपार गेलेल्या खोलीत तर गंधक काढूच नका.

घरात झुरळांसाठी किंवा माव्यासाठी आणलेलं कीटकनाशक इथे चालवायचा मोह होतो. कोळी कीटक नाही, आठ पायांचा अष्टपाद आहे, आणि बऱ्याच कीटकनाशकांना तो जुमानत नाही. पायरेथ्रॉइड गटातली औषधं त्याला खाणारे मित्रकोळी मारतात, इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकानंतरही कोळी वाढल्याचे अनुभव नोंदलेले आहेत. शिवाय औषधाला निर्ढावण्यात याचा हात धरणारं कुणी नाही. एकच रसायन पुन्हा पुन्हा मारलं की त्यातून वाचलेल्यांचीच पिलावळ वाढते. शक्यतो रसायनापर्यंत जाऊच नका, गेलात तर एकाच गटाचं लागोपाठ दोनदा नको.

फुलावर आलेल्या झाडांचा हिशेब वेगळा. जिथे कायद्याने घरी गांजाचं झाड लावायला परवानगी आहे, तिथल्या लोकांची ही मोठी अडचण आहे. त्याचं फूल चिकट, केसाळ आणि दाट, त्यावर पडलेलं काहीही धुऊन निघत नाही, आणि ते शेवटी माणसाच्या फुप्फुसात जायचं. कळ्या बसायच्या आतच खोली स्वच्छ झाली पाहिजे, नंतर फवारणी नाहीच. आणखी एक गाठ इथेच बसते. फूल यावं म्हणून प्रकाशाचे तास कमी करतात, आणि दिवस लहान, त्यात गारवा, म्हणजे कोळ्याला हिवाळा आल्याचा निरोप. मग माद्या नारिंगी-लाल होतात, खाणं-अंडी सोडतात आणि तंबूच्या शिवणीत, कुंडीच्या काठाखाली, भिंतीच्या फटीत दडून बसतात. झाड काढून टाकलं, खोली रिकामी झाली, तरी त्या तिथेच. कित्येक आठवडे उपाशी राहून पुढच्या उबेची वाट बघतात.

हवा दमट ठेवली की कोळी मंदावतो, कोरड्या उष्ण हवेत फोफावतो, हे खरं. पण दाट फुलांच्या खोलीत आर्द्रता चढवली की करडी बुरशी आलीच. म्हणून दमटपणाचा उपाय रोपं लहान असतानाच.

मित्रकोळ्यांची ऑर्डर द्यायची असेल तर प्रादुर्भाव कमी असतानाच द्या. जिवंत माल आहे, फडताळात ठेवता येत नाही, आला की त्याच दिवशी सोडायचा. फायटोसियुलस परसिमिलिस ही जात फक्त जाळी विणणारे कोळीच खाते, अंड्यांसकट. ती १९५८ साली चिलीहून आलेल्या ऑर्किडबरोबर चुकून जर्मनीत पोचली आणि तिथून काचघरांत पसरली. तिला साठ टक्क्यांच्या वर आर्द्रता लागते आणि शिकार संपली की तीही उपाशी मरते. कोरड्या, गरम खोलीला निओसियुलस कॅलिफोर्निकस बरी, परागकणांवरही तग धरते. ज्या औषधाचा अंश पानावर राहतो ते आधी काही आठवडे बंद करा. साबणाचं मात्र वाळलं की झालं. आणि नंतर भिंगातून नारिंगी, चकचकीत, झपझप पळणारा कोळी दिसला तर लाल म्हणून चिरडू नका. तो आपला.

नवं झाड किंवा कलम दोन-तीन आठवडे वेगळ्या खोलीत. बहुतेक वेळा कोळी येतो तो ‘अगदी निरोगी आहे’ म्हणून मिळालेल्या भेटीच्या रोपाबरोबर. रोज आधी स्वच्छ खोलीतलं काम, शेवटी रोगट झाडाचं, उलट क्रमाने कधीच नाही, कारण तो बाहीवरूनही प्रवास करतो. नत्र जरा कमी, पाण्याचा ताण नको, पानांवरची धूळ पुसलेली. एखाद्या झाडाचे शेंडे जाळीने बांधले गेले असतील तर त्याच्यावर जीव लावू नका. जागच्या जागी पिशवी घालून, तोंड बांधून मगच बाहेर न्या. मोकळं झाड घरभर फिरवलं की जाळीचे धागे आणि कोळी वाटेत सगळीकडे.

रिकामी खोली साबणपाण्याने पुसा, शिवणी आणि फटी व्हॅक्यूमने ओढून घ्या, काठ्या-दोऱ्या फेकून द्या. मग दिवे पूर्ण वेळ लावून, खोली उबदार ठेवून मध्ये घेवड्याची एकच कुंडी ठेवा. लपलेल्यांना जाग येते ती उबेने, आणि घेवड्यावर त्या तुटून पडतात. पंधरा दिवसांनी त्या कुंडीचं खालचं पान उलटून भिंग लावा. अंडं दिसलं तर ती कुंडी पिशवीत बांधून बाहेर आणि खोली पुन्हा पुसायला घ्या. काही नसेल तर बाकीची झाडं आत आणा.