हेड बदलताय? आधी सीसी मोजा, मग कॉम्प्रेशन रेशो काढा

दुसऱ्या मॉडेलचं इंजिन हेड (सिलेंडरचं वरचं झाकण) आपल्या ब्लॉकवर बसतंय, बोल्ट जुळतायत, ऑइल-पाण्याची होलं पण जुळतायत, तरी लगेच टाइट करायला घेऊ नका. रेशो फार वाढला तर लोडवर इंजिन नॉक करणार (मिश्रण वेळेआधी किंवा भलत्या जागी पेटून ठोके बसणार) आणि गॅस्केट नाहीतर पिस्टन जाणार, कमी झाला तर पिकअप गेला. गणित अवघड नाहीये, मोजमाप मात्र नीट पाहिजे.

रेशो = एका सिलेंडरचे सीसी भागिले पिस्टन एकदम वर असताना उरलेली जागा, अधिक १. सिलेंडरचे सीसी काढायला ०.७८५४ × बोअर × बोअर × स्ट्रोक, सगळं सेंटीमीटरमधे. ८६ × ८६ मिमीचं इंजिन धरलं तर ४९९.६ सीसी येतात.

उरलेल्या जागेत चार गोष्टी येतात: हेडचा चेंबर (हेडच्या खालच्या बाजूचा खोलगट भाग), गॅस्केटची जाडी, पिस्टन डेकच्या (ब्लॉकच्या वरच्या सपाट पृष्ठभागाच्या) जितका खाली थांबतो ती फट, आणि पिस्टनवरचा खड्डा (डोम म्हणजे वर उंचवटा असेल तर तेवढं वजा). पण ब्लॉक, पिस्टन आणि गॅस्केट तेच ठेवणार असाल तर हे सगळं मोजत बसायची गरज नाही, फक्त दोन्ही हेडचे चेंबर मोजा. समजा मॅन्युअलमधे रेशो ९ दिलाय, मग जुनी उरलेली जागा ४९९.६ भागिले ८ (९ वजा १), म्हणजे ६२.४५ सीसी. जुना चेंबर ५० सीसी भरला आणि नवीन ४४, तर ६ सीसी कमी झाले, उरले ५६.४५, आणि नवा रेशो ९.८५. ब्लॉक आधी कधी फेस केलेला (वरचा पृष्ठभाग घासून सपाट केलेला) असेल किंवा बोअर वाढवून पिस्टन बदललेले असतील तर मॅन्युअलचा आकडा धरू नका, तिथे सगळंच मोजावं लागतं.

चेंबर मोजताना कॅटलॉगवर विसंबू नका, वापरलेलं हेड कधीतरी फेस केलेलं असू शकतं आणि एका सीसीने इथे रेशो साधारण ०.१५ ने हलतो. व्हॉल्व्ह बसवा, जो प्लग वापरणार तोच लावा, चेंबरच्या कडेला ग्रीसचा पातळ थर देऊन वर जाड अ‍ॅक्रिलिकची पट्टी दाबून बसवा, तिला एका कडेला छोटं होल पाडलेलं असू द्या आणि हेड थोडं तिरकं ठेवा म्हणजे होल सगळ्यात वर येईल आणि हवा अडकणार नाही. मग ब्युरेटने (सीसीच्या खुणा असलेली काचेची नळी) रंगीत स्पिरिट सोडा, शेवटचा बुडबुडा गेला की आकडा घ्या. सगळे चेंबर मोजा, एकच मोजून बाकीचे तसेच असतील असं धरू नका. पातळी खाली जात राहिली तर व्हॉल्व्ह लीक आहे, तो आधी बघा.

गॅस्केट बदलणार असाल तर दाबल्यानंतरची जाडी घ्या, आणि बोअर नाही तर गॅस्केटच्या होलचा व्यास घ्या, तो जास्त असतो. होल ८७.५ मिमी आणि जाडी १.२ मिमी असेल तर ७.२ सीसी, ०.७ मिमी घेतली तर ४.२. म्हणजे वरच्या उदाहरणात नुसत्या गॅस्केटने रेशो ९.८५ वरून १०.३५ वर जातो.

पिस्टन मोजायचा असेल तर तो डेकपासून बरोबर १० मिमी खाली आणा, कडेची फट ग्रीसने बंद करून जास्तीचं ग्रीस पुसून घ्या, तीच पट्टी ठेवून भरा. ८६ च्या बोअरला सपाट पिस्टन असता तर ५८.१ सीसी बसले असते, ६२.१ बसले तर खड्डा ४ सीसीचा.

कॉम्प्रेशन गेजच्या पीएसआयवरून रेशो काढायचा प्रयत्न बरेच जण करतात, ते होत नाही, तो आकडा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा-बंद करणारा शाफ्ट), रिंगा, क्रँक होण्याचा स्पीड सगळ्यावर अवलंबून असतो. नवीन हेडबरोबर वेगळा कॅम येत असेल तर इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद होऊन तोच रेशो वेगळा वागतो हेही धरा.

आणि पक्कं बसवायच्या आधी पिस्टनवर प्लॅस्टिसिन (मुलांची खेळण्याची माती) ठेवून जुनी गॅस्केट टाकून हेड हलकं कसा, टायमिंग लावून इंजिन हाताने दोन फेरे फिरवा, मग उघडून प्लॅस्टिसिन कापून जाडी बघा. नवी गॅस्केट पातळ असेल तर तेवढा फरक त्या जाडीतून वजा करा. व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधे इनटेकला २ मिमी आणि एक्झॉस्टला २.५ मिमीच्या आसपास जागा हवी, कमी असेल तर रेशो कितीही छान आला तरी ते हेड तसं लावू नका.