ब्रोकरच्या कमिशनवरून कोर्टाची पायरी चढायची नसेल तर या चुका टाळा

टक्क्यावरून होणारी भांडणं त्यातल्या त्यात बरी, एक म्हणतो दोन टक्के, दुसरा म्हणतो एक, शेवटी दीडवर मिटतं. खरी लढाई होते ती कमिशन नेमकं कधी लागू झालं यावरून. ब्रोकरने पार्टी आणली, इसारपावती झाली, टोकन घेतलं आणि बँकेने लोन नाकारलं, आता ब्रोकर म्हणतो माझं काम झालं, मालक म्हणतो फ्लॅट कुठे विकला गेलाय? करार कायद्याचं कलम २१९ सांगतं की वेगळं काही ठरलं नसेल तर काम पूर्ण होईपर्यंत एजंटचा मोबदला देणं लागत नाही. पण काम म्हणजे काय, गिऱ्हाईक आणणं की खरेदीखत रजिस्टर होणं, हे तुम्ही लिहून ठेवलंच नसेल तर कोर्टात पुढची काही वर्षं त्यावरच जातात.

म्हणून पहिली चूक म्हणजे तोंडी ठरवणं. स्टॅम्प पेपरच हवा असं नाही, साधा व्हॉट्सॲप मेसेजही चालेल: "तुम्ही आणलेल्या पार्टीशी खरेदीखत रजिस्टर झालं तरच विक्री किमतीच्या १ टक्का, जीएसटी धरून, त्याआधी काही नाही." समोरून "ओके" आलं की स्क्रीनशॉटवर न थांबता अख्खं चॅट जपून ठेवा आणि फोन बदलताना उडवू नका, कारण कोर्टात द्यायचं झालं तर सोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्रही जोडावं लागतं. जीएसटीचा शब्द मुद्दाम घातलाय बरं का, ८० लाखांच्या फ्लॅटवर २ टक्के म्हणजे १ लाख ६० हजार, त्यावर १८ टक्क्यांनी आणखी २८,८०० रुपये, आणि हे बहुतेकांना बिल हातात पडल्यावरच कळतं.

ब्रोकरला बाजूला सारून डायरेक्ट व्यवहार करायचा आणि कागदावर मेव्हण्याचं नाव घालायचं, ही शक्कल सगळ्यांनाच सुचते. पण तीच पार्टी त्याने दाखवली होती हे त्याने सिद्ध केलं तर तो कमिशनचा दावा करू शकतो. कमिशनचा हक्क ठरतो तो करारातल्या शब्दांवरून, सुप्रीम कोर्टाने कोलकात्याच्या एका मिळकतीच्या प्रकरणात १९५० सालीच हे पाहिलंय. उलट बाजूही आहे, ब्रोकरने गुपचूप दोन्हीकडून पैसे घेतले किंवा खरी ऑफर दडवली तर कलम २२० खाली त्या कामाचा मोबदला तो गमावू शकतो.

आता एक गोष्ट जी फार कमी लोकांना माहीत असते. ओरिजिनल कागद ब्रोकरकडे ठेवू नका! शेअर सर्टिफिकेट, जुनं खरेदीखत, "झेरॉक्स काढून देतो" म्हणून घेतलेली फाईल, काहीच नाही. कलम २२१ प्रमाणे, उलट काही ठरलं नसेल तर, कमिशन थकलं असताना एजंट त्याच्याकडे आलेले तुमचे कागद अडवून ठेवू शकतो. मग तुम्ही चोरीची तक्रार घेऊन पोलीस स्टेशनला जाता आणि ते म्हणतात, हा दिवाणी मामला आहे.

महारेराकडे, म्हणजे रेरा कायद्याखालच्या महाराष्ट्राच्या रिअल इस्टेट प्राधिकरणाकडे, धाव घ्यायच्या आधीही जरा थांबा. नोंदणी असलेल्या प्रोजेक्टमधला फ्लॅट असेल तर एजंटचा रेरा नंबर आधी मागा, नोंदणीशिवाय तिथे काम करणाऱ्याला दिवसाला १० हजार रुपये दंड होऊ शकतो. पण वीस वर्षं जुन्या सोसायटीतला रिसेल असेल तर तो रस्ता बहुधा बंदच, तिथे दिवाणी कोर्ट किंवा सेवेत खोट असेल तर ग्राहक आयोग. आणि किती टक्के घ्यायचे ते रेराने ठरवलेलं नाही, त्यामुळे "कायद्याने दोन टक्केच आहेत" असं कोणी ठासून सांगितलं तर कुठलं कलम ते विचारा.

वकिलाची नोटीस आली की दोन टोकं दिसतात, कोणी ती कचऱ्यात टाकतो, कोणी घाबरून रात्रीच मेसेज करतो "साहेब थोडं थांबा, मार्चनंतर देतो". हा दुसरा जास्त फसतो. पैशाच्या वसुलीची मुदत साधारण तीन वर्षांची असते आणि मुदतीच्या आत देणं लेखी कबूल केलं की ती तिथून परत नव्याने मोजली जाते. वाद असेल तर उत्तरात तेवढंच लिहा की रक्कम मान्य नाही आणि का नाही, बाकी वकिलाला लिहू द्या.